वित्त विषयातील पदव्युत्तर पदवी: लेखी परीक्षेची की प्रकल्पांची?

दोन अभ्यासक्रमांच्या विषयांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर फारसे काही हाती लागत नाही. कॉर्पोरेट फायनान्स, पोर्टफोलिओ, डेरिव्हेटिव्ह, अर्थमिती हे सगळीकडे तेच. खरा फरक गुणांच्या वाटणीत. एकीकडे ७०-८० टक्के गुण सत्राअखेरच्या लेखी पेपराला असतात, दुसरीकडे तेवढेच गुण एक्सेलमधले मॉडेल, केस-अहवाल, गटकार्य आणि प्रबंध यांत विभागलेले असतात.

एकच गणित दोन्हीकडे कसे येते ते पाहा. पाचव्या वर्षी कंपनीचा मुक्त रोख प्रवाह (खर्च आणि गुंतवणूक भागवून उरलेली रोख) १००, पुढे दरवर्षी ३ टक्के वाढ, भांडवलाचा खर्च (पैसे पुरवणाऱ्यांना हवा असलेला परतावा) ९ टक्के. टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या प्रवाहांची पाचव्या वर्षअखेरची एकत्रित किंमत, काढा. पेपरात उत्तर सहाव्या वर्षाचे १०३ भागिले ०.०६ (९ वजा ३ टक्के), म्हणजे सुमारे १,७१७. मुले दोन जागी हमखास घसरतात. एक, १०३ ऐवजी १०० घेतात. दोन, आलेली रक्कम आजच्या किमतीत आणताना पाच वर्षांऐवजी सहा वर्षे मागे नेतात, कारण सूत्रात सहाव्या वर्षाचा प्रवाह दिसतो. पायऱ्या मांडलेल्या असतील तर थोडे गुण वाचतात. बहुपर्यायी प्रश्नात ती सोय नाही, शिवाय नेमकी ही चुकीची उत्तरेच पर्याय म्हणून दिलेली असतात.

प्रकल्पात ३ टक्के कुणी हातात देत नाही. तुम्ही ४ धरलेत की उत्तर २,०८० होते, म्हणजे २१ टक्के जास्त. मग तोंडी परीक्षेत विचारतात, ४ कुठून आणले? एखादी कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढत राहिली तर शेवटी तीच अर्थव्यवस्था होईल, एवढे तरी सांगता यायला हवे. एक्सेलची दुखणी आणखी निराळी. व्याज सरासरी कर्जावर काढले की व्याजावरून नफा, नफ्यावरून रोख, रोखीवरून कर्ज आणि कर्जावरून पुन्हा व्याज असे चक्र लागते. ताळेबंद जुळत नाही म्हणून कुणीतरी फरकाची रक्कम हाताने टाकून मोकळा होतो, आणि तपासणारा आधी तेच शोधतो.

प्रबंधात चूक अशी उघडी पडत नाही, म्हणून ती जास्त महाग. डिसेंबरअखेरच्या ताळेबंदातले गुणोत्तर घेऊन जानेवारीचा परतावा तपासला, तर तुम्ही तेव्हा कुणाकडेच नसलेली माहिती वापरलीत, कारण तो ताळेबंद काही महिन्यांनी प्रसिद्ध होतो. फामा आणि फ्रेंच या अर्थतज्ज्ञांनी शेअर-परताव्यांवरच्या १९९२च्या अभ्यासात किमान सहा महिन्यांचे अंतर ठेवले ते याचसाठी. आज अस्तित्वात असलेल्याच कंपन्यांचा नमुना घेणे ही दुसरी नेहमीची चूक. बुडालेल्या कंपन्या गळतात आणि परतावे फुगतात.

गटकार्याबद्दल जरा सावध राहा. चौघांत एक जण मॉडेल करतो, एक स्लाइड्स, आणि गुण चौघांना सारखे. सहकाऱ्यांचे गुप्त मूल्यांकन किंवा प्रत्येकाची दहा मिनिटांची तोंडी नसेल, तर स्लाइड्सवाल्याला मॉडेल शेवटपर्यंत येत नाही.

शिकवण्यातला फरक त्यामानाने सरळ. लेखी परीक्षेच्या पदवीत व्याख्यान आणि गणितांचे तास, प्रकल्पांच्या पदवीत आदल्या रात्री वाचायची केस आणि वर्गातल्या बोलण्याला गुण.

सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची व्यावसायिक परीक्षा) करायचे असेल, किंवा गणिताचा पाया कच्चा असून बाहेरच्या धाकाशिवाय अभ्यास होत नसेल, तर लेखी परीक्षेची पदवी बरी. मूल्यांकन, विलीनीकरण अशा कामात जायचे असेल तर प्रकल्पांची. संशोधनाकडे ओढा असेल तर प्रबंध सक्तीचा आहे की ऐच्छिक, हे आधी बघा.

प्रवेशाआधी मागील दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या. सूत्रांचा कागद मिळतो का, डेटाबेस घरून उघडतो का, मसुद्यावर अभिप्राय अंतिम तारखेआधी मिळतो का, हे विचारा. आणि प्रत्येक घटकात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, हेही. तसे असेल तर प्रकल्पातले ७५ गुण पेपरातल्या ३५ला वाचवत नाहीत, आणि पुनर्परीक्षेत कितीही चांगले लिहिले तरी बऱ्याच ठिकाणी फक्त उत्तीर्णतेपुरतेच गुण धरतात.