आवडती की उपयोगी: होंडा एनसी ७५० एक्स, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मी डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा आणि आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स असलेली होंडा एनसी ७५० एक्स ही मोटारसायकल घेतली, पण त्याआधी बारा वर्षे वापरलेली कावासाकी डब्ल्यू ६५० विकली नाही. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, रोज सकाळी कोणती किल्ली उचलली आणि का उचलली हे वहीत एका ओळीत लिहायचे आणि मगच काय ते ठरवायचे, असा बेत होता. या काळात एनसी ९,४०० किलोमीटर चालली. डब्ल्यू किती वेळा बाहेर पडली ते पुढे येईलच, कारण निर्णय शेवटी त्या आकड्यानेच झाला.

डब्ल्यू ६५० ही १९९९ साली आलेली गाडी. तिच्या ६७६ सीसीच्या इंजिनातले दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, त्यामुळे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो आणि सायलेन्सरमधून तो सारख्या अंतराने ऐकू येतो. झडपा उघडणारा वरचा कॅमशाफ्ट साखळीऐवजी उभ्या दांड्याने आणि तिरप्या दात्यांच्या गिअरने फिरवला जातो. इंजिनाच्या बाजूला दिसणारी ती उभी नळी पाहण्यासाठी मी गाडी लावून झाल्यावरही दोन मिनिटे रेंगाळत असे. बटणाबरोबर किकही आहे, आणि बटण चालू असतानाही मी किकच मारत असे. एवढे सांगितले म्हणजे ती माझ्यासाठी काय होती ते कळेल; अधिक सांगण्याचा मोह आवरतो.

तरीही बदलाचा विचार आला तो रोजच्या प्रवासामुळे. कार्यालयापर्यंत जाऊन-येऊन चौतीस किलोमीटर, त्यातला निम्मा रस्ता रांगेत. शंभरदा क्लच दाबून डाव्या मनगटाला संध्याकाळी कळ लागू लागली. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या तिच्या ब्रेकला एबीएस, म्हणजे चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा, नाही, आणि ओल्या रस्त्यावर त्याची जाणीव दर थांब्याला होत असे. आऱ्यांच्या चाकांत ट्यूब असल्यामुळे मागचे पंक्चर म्हणजे चाक उतरवणे. एकदा भर पावसात रस्त्याच्या कडेला ते करावे लागले आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा दुसऱ्या गाड्यांची माहिती वाचायला बसलो.

एनसीच्या बाबतीत मी सर्वांत कमी किंमत ज्या गोष्टीला दिली होती, तीच आज सर्वांत अधिक वापरात आहे. या गाडीचे जोडसिलिंडर इंजिन पुढे जवळजवळ आडवे, ६२ अंशांत झुकवलेले आहे आणि १४.१ लिटरची पेट्रोलची टाकी सीटखाली नेलेली आहे. त्यामुळे एरवी जिथे टाकी असते तिथे झाकण उघडणारा कप्पा मिळतो. २०२१ पासूनच्या आवृत्तीत तो २३ लिटरचा आहे आणि त्यात पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट बसते. जाहिरातीत हे वाचताना मला हसू आले होते. आता त्यात पावसाळी कपडे, जेवणाचा डबा, कुलूप आणि परतताना घेतलेला किरकोळ बाजार असतो, पाठीवर पिशवी नसते, आणि मानेचे जे दुखणे मी इतकी वर्षे हँडलच्या माथी मारत होतो ते मुळात पिशवीचे होते हे दुसऱ्या आठवड्यातच ध्यानात आले. याची दुसरी बाजूही आहे: पेट्रोल भरण्याचे तोंड मागच्या सीटखाली असल्यामुळे तिथे सामान बांधून निघालो की प्रत्येक पंपावर दोऱ्या सोडाव्या लागतात. लांबच्या प्रवासाला मी आता सामान बाजूच्या पेट्यांतच ठेवतो.

डीसीटीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण घेण्यापूर्वी मला सर्वांत जास्त शंका याच गोष्टीची होती. दोन क्लच असलेली ही रचना होंडाने मोटारसायकलवर प्रथम २०१० च्या व्हीएफआर १२०० एफ या गाडीत आणली. एक क्लच पहिला, तिसरा आणि पाचवा गिअर सांभाळतो, दुसरा क्लच दुसरा, चौथा आणि सहावा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो आणि अदलाबदल होताना ओढ तुटत नाही. हँडलवर क्लचचा दांडा नाही आणि डाव्या पायाखाली गिअरही नाही. पहिला आठवडाभर माझा डावा हात थांबताना हवा दाबत होता. मनगटाची कळ सहाव्या आठवड्याच्या सुमारास गेली आणि पुन्हा आली नाही. माझ्यापुरता व्यवहार इथेच वसूल झाला.

मात्र ही सोय आयती मिळत नाही, काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. अगदी हळू वेगात वळताना आपण एरवी क्लच अर्धा धरून गाडी तोलतो. इथे ते साधनच नाही. त्यावर उपाय म्हणजे ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवून वेग मागच्या ब्रेकने धरणे, आणि हे मी मोकळ्या मैदानात दोन रविवार घालवून शिकलो. गाडी बंद केली की गिअर नेहमी न्यूट्रलला जातो, त्यामुळे उतारावर गिअरमध्ये टाकून उभी करणे शक्य नाही. त्यासाठी वेगळा हँडब्रेक दिलेला आहे आणि तो लावण्याची सवय अंगवळणी पडेपर्यंत मी दर वेळी मागे वळून पाहत असे. नेहमीच्या मोडमध्ये गाडी सहाव्या गिअरला फार लवकर जाते, चढावर ते अंगावर येते. तेव्हा डाव्या अंगठ्याने गिअर खाली आणणे हे स्पोर्ट मोड लावण्यापेक्षा मला अधिक पटते. वजनाचेही भान ठेवावे: डीसीटीची एनसी २२४ किलोची आहे, हाताने मागे ढकलताना ते कळते, चालू लागल्यावर मात्र झुकलेल्या इंजिनामुळे भार खाली राहतो आणि गाडी आकारापेक्षा हलकी वाटते.

इंजिनाविषयी मत देणे अवघड आहे, कारण इथे तुलना आवडत्या गाडीशी आहे. एनसीचे ७४५ सीसीचे इंजिन कमी फेऱ्यांत जोर देण्यासाठीच बांधलेले आहे, क्रँक २७० अंशांचा असल्यामुळे ठोके विषम अंतराने पडतात आणि त्यात थोडा रांगडेपणाही आहे. ते सुरू होते, ओढते, थांबते. पिळून चालवण्यात काही अर्थ नाही, कारण वरच्या फेऱ्यांत त्याच्याकडे राखून ठेवलेले असे काही नाही. डब्ल्यूवर मी दहा मिनिटांच्या रस्त्यात इंजिन गरम झाले का, आवाज नेहमीचा आहे का, कोणता गिअर खुलतो, असा सतत तिच्यात गुंतलेला असे. एनसीवर मी रस्ता पाहतो आणि दिवसाच्या कामांचा विचार करतो. हे सुख आहे की तोटा, याचे उत्तर वहीत मी निदान चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले आहे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. माझ्या वापरात एनसी लिटरला २७ किलोमीटर देते, डब्ल्यू २० च्या आसपास देत असे. चाके ओतीव आणि टायर ट्यूबलेस आहेत. एकदा खिळा घुसला तेव्हा चाक न काढता पट्टी भरून वीस मिनिटांत निघालो. एबीएस दोनदा लागले, दोन्ही वेळा ओल्या रस्त्यावरच्या पट्ट्यांवर. मधला स्टँड गाडीसोबत येत नाही, साखळीला तेल देण्यासाठी तो वेगळा बसवून घेतला. घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

आता वही. पहिल्या दोन महिन्यांत डब्ल्यू एकोणीस वेळा बाहेर निघाली, आणि नोंदींतली कारणेही छान आहेत: ऊन पडले आहे, काम लवकर संपले, उगीच. शेवटच्या तीन महिन्यांत ती पाच वेळा निघाली आणि त्यांतल्या तीन नोंदींत एकच कारण आहे, «बॅटरी उतरू नये आणि कार्ब्युरेटर बसू नयेत म्हणून». कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग, असलेली गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की त्यातल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर राहतो आणि तो सर्वांत आधी संथ चालीच्या बारीक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या छिद्रात, अडकतो. इथॅनॉल मिसळलेले पेट्रोल वर ओलावाही ओढून घेते. म्हणून उभी करताना तळाचे स्क्रू सैल करून कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाट्या रिकाम्या करायच्या, पंधरा दिवसांनी पुन्हा भरायच्या. मी गाडी चालवण्यासाठी नव्हे, तर ती बिघडू नये म्हणून बाहेर काढत होतो.

दोन्ही ठेवाव्यात, हा सल्ला मला बहुतेक सर्वांनी दिला आणि जागा असलेल्याने, आठवड्यातून एकदा तरी खरोखर फिरणाऱ्याने तो जरूर मानावा. ज्याला रोज गाडीने कुठे जायचेच नाही, त्याने तर हा बदल करण्याच्या फंदात पडूच नये. एनसीचे सगळे गुण रोजच्या वापरातच दिसतात आणि सुट्टीच्या दिवशी ती निव्वळ बरी गाडी आहे. माझ्या वहीत मात्र आठवड्यातून एकदा फिरण्याचा तो रविवार येता येता थांबला होता. मी डब्ल्यू विकायचे ठरवले, आणि घेणारा म्हणून शोधून असा माणूस निवडला ज्याच्याकडे दुसरी मोटारसायकल नाही.

त्याच्यासाठी सध्या एक पान लिहितो आहे. गार इंजिनाला चोक पूर्ण ओढायचा, पण पहिल्या वळणापूर्वी आत ढकलायचा. टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर गेला की पंप शोधायला लागायचे, उद्यावर टाकायचे नाही. आऱ्या महिन्यातून एकदा पान्याने हलकेच ठोकून पाहायच्या, सैल असलेली आरी बद्द वाजते. किक पायाच्या जोराने मारायची नसते. दांडा जिथे अडतो तिथपर्यंत सावकाश आणायचा, आणि तिथून शरीराचे वजन सोडायचे.