बोरघाट ते उंबरखिंड सहल : गाडी थांबली, म्हणून पाट्या वाचल्या

एसटीत होतो तेव्हा बोरघाटात कुठे दुसरा गिअर टाकायचा हे हाताला पाठ होतं. रस्त्याकडेच्या इतिहासाच्या पाट्या मात्र कधी वाचल्या नाहीत. ड्रायव्हर घाटात पाटी वाचायला लागला तर मागच्या पासिंजरांनी काय करायचं? रिटायर झाल्यावर मुलीने ही एक दिवसाची सहल बुक करून दिली. पुण्याहून सकाळी निघायचं, खंडाळा, घाटातलं शिंग्रोबाचं देऊळ, खोपोली आणि उंबरखिंड करून रात्री परत. माणशी १२०० रुपये, नाश्ता-जेवण धरून. मिनीबस होती. वीस-बावीस लोक, निम्मे माझ्यासारखे पांढऱ्या केसांचे.

आधी गाडीबद्दल, कारण माझं लक्ष तिकडेच होतं. टायर चांगले, सीट ठीक. ड्रायव्हर पोरगा उतारावर गाडी गिअरवर उतरवत होता, ब्रेकवर पाय ठेवून बसला नव्हता. त्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. माइक मात्र खरखरत होता, मागच्या दोन रांगांना निम्मं ऐकू आलंच नाही. दुपारचं जेवण अडीचला मिळालं. शुगरवाल्यांनी खिशात काहीतरी ठेवावं.

या सहलीचे पैसे वसूल होतात ते गाइडमुळे. खंडाळ्याला खाली दरी दाखवत त्याने रेल्वेचं काम सांगितलं. १८५६ ला सुरुवात, १८६३ ला घाटातून गाडी धावली. मधल्या काळात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते आणि पटकीने माणसं पटापट जात होती. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस परत गेली नाही, तिने ठेका पुढे चालवला. मी इतकी वर्षं त्या रुळांच्या शेजारून गाडी हाकली, हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

अमृतांजन पुलाच्या जागी थांबता येत नाही, तिथे एक्सप्रेस वे आहे. म्हणून त्याने आधीच जुने फोटो गाडीत फिरवले. १८३० चा पूल. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला गव्हर्नर जॉन माल्कम यांनी घाटरस्ता खुला केला. पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा सुरुंग लावून पाडला. गाडीतल्या दोघा-तिघांनी हळहळ केली. मी नाही केली. त्या खांबांपाशी रस्ता आवळत होता आणि तिथे समोरचा काय करेल याची खात्री नसायची. पूल गेला ते बरंच झालं. पण एवढा जुना पूल इथे होता हे सांगणारी ठसठशीत पाटी वर खंडाळ्याला, माणसं उतरून उभी राहतात तिथे, हवी. गाडी ऐंशीने जाते तिथे ती लावून काय उपयोग?

शिंग्रोबाला आमची गाडी थांबली आणि मी न सांगता नाणं काढलं. सवय. आमचा कंडक्टर खिडकीतून टाकायचा, मी हॉर्न द्यायचो. गाइड म्हणाला, "काका, गोष्ट तुम्हीच सांगा." मग मी सांगितली, आम्ही डेपोत ऐकलेली : शिंग्रोबा धनगराने साहेबाला घाटातून वाट दाखवली, आणि काम झाल्यावर साहेबाने त्यालाच गोळी घातली. गाइडने मला खोडलं नाही, पण पुढे स्पष्ट सांगितलं की ही लोकांची गोष्ट आहे, १८३० चा रस्ता आणि १८६३ ची रेल्वे यांसारखी कागदावर मोजता येणारी नाही. हे मला आवडलं. बाकी सहलींत देवळापुढे उभं राहून काहीही ठोकून देतात.

खोपोलीत नाना फडणवीसांचं तळं आणि महादेवाचं देऊळ दहा मिनिटांत उरकलं, तिथे घाई झाली.

उंबरखिंडीला मात्र त्याने भरपूर वेळ दिला. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळून चावणी गावाजवळ, अंबा नदीपाशी स्मारक आहे. बहुतेक लोक स्मारकापुढे फोटो काढून निघतात. गाइडने आम्हाला स्मारकाकडे पाठ करून उभं केलं आणि कुरवंड्याच्या बाजूचा डोंगर दाखवला. शायिस्तेखान पुण्यात ठाण मांडून होता. त्याने पाठवलेला कारतलबखान कोकण घ्यायला त्या वाटेने उतरला, फेब्रुवारी १६६१ मध्ये. सोबत मोगलांकडची सरदारीण रायबागन होती. खाली दाट रान, चिंचोळी वाट, आणि महाराजांची माणसं दबा धरून. घाटात पुढची गाडी बंद पडली आणि मागे रांग लागली की रिव्हर्सही मारता येत नाही, खानाचं अगदी तसंच झालं. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने त्याने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. हे सगळं जमीन बघितल्यावर कळतं, नुसत्या पाटीवरून नाही. अशा पाट्यांवर उद्घाटन कोणी केलं ते मोठ्या अक्षरात असतं आणि लढाई बारीक अक्षरात. ही माझी जुनी तक्रार आहे, सहलवाल्यांचा त्यात दोष नाही.

पाचपैकी चार देतो. एक मार्क माइक आणि जेवणाचा कापला. बुक करताना पुढची सीट मागा. पावसाळ्यात उंबरखिंडीचा भाग असेल का ते आधी फोन करून विचारा, नदीला पाणी आलं की तिथे उभं राहायची सोय नसते. आणि शिंग्रोबासाठी सुटे पैसे न्या, आमच्या गाडीत सगळ्यांकडे फक्त मोबाइल होता.