मॅटप्लॉटलिबमध्ये तारखांच्या आलेखावर क्लिक: काही महिन्यांच्या वापरानंतर

नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधला कांद्याचा रोजचा भाव आणि आवक मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेखावर मांडतो. भाव जिथून फिरला तिथे माउसने क्लिक करायचं आणि ती तारीख आपोआप तक्त्यात उतरवायची, एवढंच काम. त्यासाठी गेले काही महिने मॅटप्लॉटलिब ही पायथनची आलेख काढायची लायब्ररी वापरतोय. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, आणि मनापासून आवडलंय. फक्त आडव्या अक्षावर तारखा आल्या की काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

क्लिक केल्यावर एक्सडेटामध्ये (xdata, म्हणजे क्लिकची आडव्या अक्षावरची जागा) तारीख मिळत नाही, दशांश आकडा मिळतो: १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. २०२० साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून मोजणी अशी आहे. त्याआधी ती इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासून व्हायची, म्हणून जुन्या उदाहरणांत सात लाखांच्या घरातले आकडे दिसतात. नमटूडेट (num2date) हे मॅटप्लॉटलिबचं फंक्शन आकड्याची तारीख करून देतं.

खरी मेख इथेच आहे. केंद्राची कांदा निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली. लासलगावच्या आलेखात त्या तारखेवर मी उभी रेघ मारून ठेवली आहे. ती रेघ १९६९९ वर येते, म्हणजे बरोबर मध्यरात्रीवर. हात केसभर डावीकडे सरकला आणि आकडा १९६९८.९३ आला, तर नमटूडेट सांगणार ७ डिसेंबर, रात्रीचे १० वाजून १९ मिनिटं. वेळ टाकून नुसती तारीख घेतली की एक दिवस मागे. आकडा जवळच्या पूर्णांकात आणला तरी पुरत नाही, कारण बाजार बंद असलेल्या दिवसावरही क्लिक पडतं आणि त्या दिवशी भावच नसतो. म्हणून क्लिकचा आकडा आणि आपल्या नोंदींच्या तारखा यांतला फरक काढून सगळ्यात जवळची नोंद उचलायची. मला यापेक्षा भरवशाची रीत सापडलेली नाही.

नमटूडेट तारखेला यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं, लेबल लावून देतं. आपल्या तारखांना असं लेबल नसेल तर तुलना करताना एरर येते. तिथे भारतीय वेळेत बदलायला जाऊ नका, उगाच साडेपाच तास वाढतात. लेबल काढून टाका, बस.

पांडास (pandas) या पायथनच्या तक्ते हाताळायच्या लायब्ररीने थेट काढलेल्या मासिक सरासरीच्या आलेखात तर दिवसांऐवजी महिने मोजले जातात. जानेवारी २०२५ तिथे ६६० असतो, आणि नमटूडेट त्याचं २३ ऑक्टोबर १९७१ करून टाकतं! आलेख काढताना एक्स-कॉम्पॅट हा पर्याय ट्रू (x_compat=True) ठेवला की हे थांबतं.

डावीकडे भाव, उजवीकडे आवक असे दोन उभे अक्ष असतील तर तारीख बरोबर येते, पण वायडेटा (ydata, क्लिकची उभ्या अक्षावरची किंमत) वरच्या थरातल्या, म्हणजे आवकेच्या, अक्षाचा मिळतो. भावाच्या रेषेवर क्लिक करा, हातात क्विंटलांचा आकडा. अशा वेळी क्लिकचे पिक्सेल घ्यायचे आणि भावाच्या अक्षाच्या ट्रान्सडेटाचं (transData, अक्षावरच्या किमतींचे पिक्सेल करणारं रूपांतर) उलट रूपांतर त्यांना लावायचं.

चौकटीबाहेर क्लिक झालं तर एक्सडेटा नन (None), म्हणजे रिकामा, असतो, तो आधी तपासा. झूम करतानाचं क्लिकसुद्धा नोंदलं जातं, म्हणून टूलबारचा मोड रिकामा असेल, म्हणजे झूमसारखं बटण चालू नसेल, तेव्हाच तारीख टिपा.