मोर्चाआधी बघा: कलम 37 की कलम 163?

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 चा मनाई आदेश जिल्हाधिकारी कार्यालयातूनच निघतो. लाठ्याकाठ्या, शस्त्रं, जमाव, मिरवणूक यांवर त्याने बंदी घालता येते. जमावबंदी शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे चालत नाही.

भारतीय नागरी सुरक्षा संहितेचं कलम 163, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 144, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. त्याखालचा मनाई आदेश प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारीही काढू शकतात. मुदत 2 महिने. शासन आणखी 6 महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. मुदत लांब असूनही नागरिकाच्या बाजूने मला हेच बरं वाटतं, कारण आदेशात वस्तुस्थिती लिहावीच लागते आणि झळ बसलेल्याला तो रद्द करण्यासाठी अर्ज करून बाजू मांडता येते. 144 चे आदेश वारंवार काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात बजावलं. पंधरवड्यामागून पंधरवडा निघणाऱ्या 37 च्या आदेशांनाही हीच कसोटी लावायला हवी.

कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी आधी आदेशाची प्रत मिळवावी, कलम आणि तारीख बघावी आणि परवानगीची वाट ठेवली असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.