जयगड ते भाऊचा धक्का : हिवाळा संपवून घरी आणणाऱ्या पाच बोटी

मालवणपासून सुरुवात करून होड्या, लाँच आणि फेरीबोटींच्या आधाराने कोकण किनाऱ्यावर हिवाळा घालवल्यानंतर ठाण्याला घरी परतायचे, तर बहुतेक लोक रत्नागिरीजवळच्या हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्ग गाठतात आणि एका दिवसात प्रवास उरकतात. शिमग्याच्या आधी परतताना आम्ही उभयतांनी तो रस्ता जाणीवपूर्वक टाळला. जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला आणि दिघी–आगरदांडा या चार खाड्यांवरच्या फेरीबोटी आणि शेवटी मांडव्याहून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो (गाड्या थेट चढवून नेणारे जहाज), अशा क्रमाने आम्ही गाडीसह घरी आलो. ज्यांना घाई नाही आणि परतीच्या वाटेवरही समुद्र डोळ्यांआड होऊ द्यायचा नाही, त्यांनी हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सेवेचे मोल नकाशा पाहिल्यावर कळते. शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री या नद्या सह्याद्रीतून उतरून रुंद खाड्यांच्या रूपाने समुद्राला मिळतात आणि दर खाडीपाशी किनाऱ्याचा रस्ता संपतो. धोपाव्याच्या धक्क्यावरून पलीकडचे दाभोळ गाव स्वच्छ दिसते. पण रस्त्याने तिथे पोहोचण्यासाठी चिपळूण, खेड आणि दापोली असा शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. गाड्या वाहून नेणारी पहिली फेरीबोट सुवर्णदुर्ग शिपिंगने २००३ साली याच दाभोळ–धोपावे मार्गावर सुरू केली आणि पुढे इतर खाड्यांवरही तशाच बोटी आल्या. पर्यटक या बोटींना मौजेचा भाग समजतात. प्रत्यक्षात त्यांवर शाळा-महाविद्यालयांची मुले असतात, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका असतात, दवाखान्यात निघालेले वृद्ध असतात, आणि त्यांच्यासाठी ही बोट वेळेवर सुटणे ही रोजची गरज आहे.

पाचांपैकी मला सर्वांत चोख वाटली ती धोपावे–दाभोळ. बोटीच्या तोंडाशी असलेली लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर थेट टेकते, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, पाण्याच्या पातळीप्रमाणे उताराच्या वरच्या किंवा खालच्या भागाला बोट लागू शकते. ऐकायला हे सोपे वाटते. ओहोटीच्या वेळी वाशिष्ठीचे पाणी समुद्राकडे जोराने ओढ घेत असताना बोट त्या अरुंद उतारावर नेमकी आणणे आणि गाड्या उतरेपर्यंत इंजिनाच्या जोरावर ती तशीच टेकवून धरणे, हे अत्यंत कौशल्याचे काम आहे. तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाची, नजर पाण्यावर आणि खलाशांची नजर गाड्यांच्या चाकांवर असते. दुचाक्या आधी कुठे उभ्या करायच्या, जड वाहन मध्यभागी का घ्यायचे, कोणत्या गाडीला आरसे मिटायला सांगायचे, हे सारे ते शांतपणे, आवाज न चढवता करतात. माझ्या यजमानांना गुडघ्यांचा त्रास आहे. ओल्या उतारावर ते थबकले, तेव्हा एका तरुण खलाशाने न सांगता येऊन हात दिला आणि “काका, कडेने नको, शेवाळ आहे, मधून या,” असे म्हणत त्यांना वरपर्यंत आणून सोडले. दाभोळला उतरल्यावर लगेच निघून जाऊ नये. आदिलशाहीच्या काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते आणि खाडीकाठची सतराव्या शतकातील मशीद पाहिली की त्या वैभवाचा अंदाज येतो.

जयगडची फेरी अशीच सुखाची आहे. तिच्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. वेसवीला बाणकोटच्या किल्ल्यासाठी थोडा वेळ राखावा. दिघीहून आगरदांड्याला जाताना मात्र गाडीत बसून राहू नये, कारण राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा दिसतो आणि तो किल्ला जिंकण्याचे प्रयत्न इतक्यांदा का फसले, हे पाण्यावरून पाहिल्यावर अधिक नीट समजते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चारही सागरी किल्ले २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत गेले. किनारा धरून परतणाऱ्यांना ते ओळीने भेटतात. महामार्गाने जाणाऱ्यांना एकही दिसत नाही.

मांडवा–भाऊचा धक्का ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ग्रीसमध्ये बांधलेले हे जहाज खाडीतल्या बोटींच्या मानाने फार मोठे आहे, गाड्या खालच्या डेकवर राहतात, प्रवासी वर वातानुकूलित दालनात किंवा मोकळ्या डेकवर बसतात आणि सुमारे तासाभरात मुंबई येते. वडखळ आणि पेणच्या वाहतुकीत अडकलेल्या कोणालाही या तासाची किंमत सांगावी लागणार नाही. गेटवेच्या लाँच आणि कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात, तेव्हाही हे जहाज हवामान पाहून चालते, हा त्याचा मोठा गुण. सोयींच्या बाबतीत पाचांत हीच सेवा पहिली. तरीही माझी शिफारस मोकळ्या डेकची आहे, कारण काचेमागे बसले की नांगरलेली जहाजे, उरणकडील बंदराच्या क्रेन आणि हळूहळू जवळ येणारे शहर यांपैकी काहीच नीट अनुभवता येत नाही.

सुरक्षिततेविषयी मी आग्रहाने लिहिणार आहे. याच पाण्यात, रेवसजवळ, १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. हे ठाऊक असूनही हिवाळ्यात आम्ही बसलो त्यांपैकी एका छोट्या पर्यटक होडीत जीवरक्षक जॅकेटे पेटीत कुलूपबंद होती आणि मागितल्यावर चालकाला त्याचे आश्चर्य वाटले. प्रवाशांनी अशा वेळी संकोच करू नये. जॅकेट अंगावर चढल्याशिवाय होडी सुटू देऊ नये.

खाड्यांवरच्या धक्क्यांची व्यवस्था मात्र बोटींच्या तोलाची नाही. सावलीची जागा अपुरी आहे आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, पाणी असलेले प्रसाधनगृह सगळीकडे मिळेल याची खात्री नाही. तासन्‌तास प्रवास करून येणाऱ्या वयस्कर बाईला ही गोष्ट किती अवघड जाते, हे धक्के बांधणाऱ्या शासकीय यंत्रणेने गंभीरपणे लक्षात घ्यायला हवे. उतारावर कठडा बसवला, तरी वृद्धांची निम्मी भीती जाईल.

जाणाऱ्यांनी नाताळचा आठवडा, शिमगा आणि गणपती टाळावेत, कारण तेव्हा धक्क्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. फाल्गुनाच्या सुमारास दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो, म्हणून उघड्या समुद्रातला प्रवास सकाळी ठेवावा. चार खाड्या एकाच दिवशी ओलांडण्याचा हट्ट नको. गुहागर, आंजर्ले किंवा श्रीवर्धनला मुक्काम करत यावे. सुटीच्या दिवशी मांडव्याहून परतीसाठी गाडीचे आरक्षण आधी केलेच पाहिजे. रेवस–रेडी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत आणि ते व्हायलाही हवेत, कारण रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्या माणसाला बोटीची वाट पाहायला लावणे योग्य नाही. पूल झाल्यावरही पायी आणि दुचाकीने ये-जा करणाऱ्यांसाठी धोपावे–दाभोळची फेरी तरी चालू ठेवावी, ही माझी राज्यातल्या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मेरीटाइम बोर्डाला विनंती आहे.