कॅरी ऑन सार्जंट (1958): सार्जंट गंभीर, म्हणून पलटण विनोदी

साताऱ्यात शाळेत शिकवत असताना मुलींची एनसीसी तुकडी माझ्याकडे होती. ती खोड अजून गेलेली नाही. पडद्यावर परेड सुरू झाली की माझी नजर आधी पायांकडे जाते. आपल्याकडच्या बहुतेक सिनेमांत हिरोचा पाय चुकलेला असतो, पण कॅमेरा त्याच्या तोंडावर असल्यामुळे निभावून जातं. 'कॅरी ऑन सार्जंट' या ब्रिटिश विनोदी सिनेमात मात्र पाय मुद्दाम चुकवलेत, आणि ज्यांना बरोबर कसं टाकतात ते माहीत आहे अशा माणसांनी चुकवलेत. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे काढणारी एक तरी मुलगी दर वर्षी माझ्याकडे यायची. इथे सगळी पलटणच तसली.

गोष्ट एवढीशी आहे. सार्जंट ग्रिमशॉ निवृत्त व्हायला आलाय. इतकी वर्षं पोरं घडवली, पण त्याची एकही तुकडी कधी पहिली आली नाही. म्हणून शेवटची तुकडी पहिली आणीनच, अशी तो दुसऱ्या सार्जंटशी 50 पौंडांची पैज लावतो. त्या काळी ही रक्कम म्हणजे कामगाराचा जवळजवळ महिन्याचा पगार. आणि नशिबी येतं काय, तर हे ध्यान! एकाला ऐन लग्नाच्या दिवशी बोलावणं आलंय. एकाला स्वतःला सगळे रोग झाल्याची खात्री आहे. एक प्रत्येक हुकमावर वाद घालणारा विद्वान, आणि एक असा, की जो प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा नापास होऊन तिथेच मुक्कामाला आहे.

तेव्हाच्या ब्रिटनमध्ये तरुणांना दोन वर्षांची लष्करी सेवा सक्तीची होती, हे लक्षात ठेवून सिनेमा बघायचा. भरती 1960 साली बंद झाली. म्हणजे थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जण तेच बूट घासून आले असणार, नाहीतर त्यांचा मुलगा तेव्हा घासत असणार. अशा लोकांपुढे खोटी परेड चालली नसती. थोडक्या पैशांत काढलेला हा काळा-पांढरा सिनेमा एवढा चालला, की पुढे 'कॅरी ऑन' नावाची तीस सिनेमांची रांग लागली.

माझ्या मते सिनेमा उभा आहे तो विल्यम हार्टनेलवर. पाच वर्षांनी हाच माणूस टीव्हीवरच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतला पहिला डॉक्टर झाला. त्याचा ग्रिमशॉ विनोद करतच नाही. शेवटच्या तुकडीला ओरडून नाही, गोडीगुलाबीनं शिकवायचं असं तो ठरवतो, आणि मग पोरं एकेक प्रताप करत असताना घशाशी आलेली आरोळी गिळत राहतो. एनसीसीत कवायत शिकवायला लष्कराकडून येणारे आमचे पीआय स्टाफचे उस्ताद कॅम्पच्या शेवटी शेवटी असेच दिसायचे. ग्रिमशॉही विदूषक असता तर अर्ध्या तासात कंटाळा आला असता.

बाकीच्यांत केनेथ कॉनरचा आजारी होरेस मला सगळ्यात आवडला. तो उठला की निघाला डॉक्टरकडे. हॅटी जॅक्सची छावणीतली डॉक्टर कॅप्टन क्लार्क त्याच्याकडे ज्या नजरेनं बघते, ती ओळखीची आहे. परेडच्या सकाळी पोटात दुखणाऱ्या मुलींकडे मीही तसंच बघायचे. शेवटी त्याच्यावर तज्ज्ञांची अख्खी फौज सोडतात आणि तो ठणठणीत निघतो, तेव्हाचा त्याचा चेहरा बघाच. आणि चार्ल्स हॉट्री! एवढासा काडीपैलवान संगीन घेऊन पोत्यावर धावतो तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

आता तक्रारी. नवविवाहित चार्लीची बायको त्याच्याजवळ राहता यावं म्हणून छावणीच्या कँटीनमध्ये नोकरी धरते. बॉब मंकहाउस आणि शर्ली ईटन दोघंही देखणे, पण नवरा-बायकोची भेट हुकते, परत हुकते, आणि तिसऱ्यांदा हुकते तेव्हा मी चहा टाकायला उठले. कँटीनमधली नोरा होरेसच्या मागे हात धुऊन लागते, तेही ताणलंय.

मोठी तक्रार शेवटाबद्दल. सार्जंटची पैज आणि निवृत्ती कळल्यावर पोरांना उपरती होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं बिनचूक! असं होत नाही हो. कदमताल मनाला पटून बसत नाही, तो रोज सकाळी उन्हात रगडून बसतो. एखादी कसरत हळूहळू सुधारताना दाखवली असती तर तो निरोप मला जास्त लागला असता. तरी डोळ्यांत पाणी आलं, ते हार्टनेलमुळे. शेवटच्या संचलनात त्याची मान जेमतेम हलते, तेवढ्यानं काम होतं.

लेक इंग्लंडात गिल्डफर्डला असते. बाहेरची बरीच दृश्यं तिथल्याच स्टॉटन बॅरॅक्स या लष्करी छावणीत घेतलीत, बाकी सिनेमा पाइनवुड स्टुडिओत. बॅरॅक्सची आता घरं झालीत, पण विटांची जुनी कीप, म्हणजे बुरुजासारखी इमारत, शाबूत आहे. मुद्दाम वाट वाकडी करावी असं तिथे काही नाही, जवळ असलात तर बघा.

इंग्रजी सबटायटल लावूनच बघा, वाद घालणारा विद्वान झालेल्या केनेथ विल्यम्सचे टोमणे भरभर निसटतात. नातवंडांबरोबर बघायला हरकत नाही, पुढच्या काही भागांतला चावटपणा यात जवळपास नाही. लगेच दुसरा हवा असेल तर 1959 चा 'कॅरी ऑन नर्स' घ्या. लेकीला तो जास्त आवडला. मला नाही, त्यात परेड नाही.