व्हिटेकर्स वर्ड्स: काही महिने लॅटिन वाचताना वापरून झाल्यावर

सीझर वाचायला घेतल्यापासून हा लॅटिन-इंग्रजी डिक्शनरीचा प्रोग्राम रोज उघडा असतो माझ्याकडे. फुकट आहे, दिसायला जुनाट, काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं, पण काम एकदम चोख. शब्द पुस्तकात जसा दिसतो तसाच टाकायचा, मूळ रूप माहीत नसलं तरी चालतं, तो प्रत्यय सोडवून विभक्ती, वचन, लिंग सगळं समोर ठेवतो. ३९,००० च्या आसपास नोंदी आहेत. विल्यम व्हिटेकर हे अमेरिकन एअर फोर्सचे रिटायर्ड कर्नल, एडा ही प्रोग्रामिंग लँग्वेज ज्या कामातून आली त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, आणि वर्ड्ससुद्धा त्यांनी एडामधेच लिहिला. २०१० मधे ते गेले, पण कोड खुला असल्याने लोक अजून सांभाळतायत, ह्याचं मला फार कौतुक वाटतं.

साध्या नामांना तो बरा आहे, पण खरा उपयोग पार्टिसिपलला, म्हणजे क्रियापदापासून झालेल्या विशेषणाला. 'उर्बे काप्ता' घ्या, म्हणजे शहर जिंकल्यावर. नुसतं 'काप्ता' टाकलंत तर स्त्रीलिंगी एकवचनी कर्ता, तेच अॅब्लेटिव या विभक्तीमधे, शिवाय नपुंसक अनेकवचन, एवढी यादी येते आणि नवीन माणूस गांगरतो. आता 'उर्बे' टाका, अॅब्लेटिव एकवचन, दुसरं काही नाही, मग 'काप्ता' तिच्याशी जुळणारंच असणार, विषय संपला! शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत केलेल्यांना ही सरळ सति सप्तमी ('अमुक झाल्यावर' अशा अर्थाची सप्तमी) वाटेल, फक्त लॅटिनमधे पंचमी, तृतीया आणि सप्तमी एका अॅब्लेटिवमधे मिसळल्यात. प्रोग्राम उत्तर निवडून देत नाही, शक्यता देतो, निवड वाक्य बघून आपणच करायची, आणि म्हणूनच शिकणं होतं असं माझं ठाम मत आहे.

उणीव एकच पण मोठी, ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही. 'काप्ता'चा शेवटचा स्वर कर्त्यात ऱ्हस्व आणि अॅब्लेटिवमधे दीर्घ, ते इथे कळणार नाही, त्यामुळे कविता वाचणाऱ्यांनी मात्रा दाखवणारी डिक्शनरी शेजारी ठेवाच.

अजून एक, नोंदीत क्रियापदापुढे 'डेप' (डेपोनंट, म्हणजे रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी) लिहिलंय का बघत जा. 'लोकूतुस'चं रूप 'काप्तुस'सारखंच, पण काप्तुस म्हणजे पकडला गेलेला आणि लोकूतुस म्हणजे बोललेला, कर्तरी अर्थ, आणि ही खूण नजरेतून सुटली तर अख्खं वाक्य उलटं लागतं.